कोअर शॉपचा नारळ

नुजहतचा अंगठा हजेरीच्या यंत्राला कळत नाही. ती अंगठा काचेवर ठेवते, लाल दिवा लागतो. ओढणीला पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा लाल. मग फाटकावरचा वॉचमन वहीतून मान वर न काढता म्हणतो, "जावा ताई, लिवतो मी." वाळू आणि सिलिकेटमध्ये हात घालून घालून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. सिलिकेट म्हणजे वाळू धरून ठेवणारं, काकवीसारखं दाट पाणी.

शिरोलीच्या बाजूला ज्या फौंड्र्या आहेत, त्यांतल्या एका मध्यम फौंड्रीत ती कोअर शॉपमध्ये आहे. कोअर म्हणजे वाळूचा घट्ट ठोकळा. पंपाच्या पोटात पाणी फिरायला पोकळी लागते. तिथं आधी त्या आकाराचा कोअर बसवतात, भोवतीनं वितळलेलं लोखंड ओततात आणि ते निवलं की आतली वाळू ठोकून बाहेर काढतात. कोअर कच्चा राहिला तर लोखंडाच्या धक्क्यानं फुटतो आणि सगळं कास्टिंग भंगारात जातं. आमच्या भागात हे काम बहुतेक बायकाच करतात.

कुरुंदवाडच्या शाळेत मी शिकवायचे, तेव्हा नुजहत माझ्या वर्गात होती. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण नीटस फार. तिच्या वहीला समास सोडलेला असे आणि तो शेवटच्या पानापर्यंत सरळ असे. काही विचारलं की लगेच उत्तर देत नसे. आधी प्रश्न मनात फिरवून बघे. लग्न होऊन ती कोल्हापूरला आली. नवरा इकबाल गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. मुलगी तमन्ना बारावीपर्यंत शिकून आता कॉलेजात आहे. निवृत्तीनंतर मीही मुलाकडं कोल्हापूरला आले, तेव्हा एकदा भाजी मंडईत तिनंच मला ओळखलं. "बाई, तुमचा चष्मा बदलला की," असं म्हणाली. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी येते. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पिते आणि कप विसळून ठेवून जाते.

कोअर शॉपचा सगळा कारभार तेव्हा पिराजी मिस्त्रींकडं होता. कमी बोलणारा माणूस. कोअर तयार झाला की ते बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करत आणि कान जवळ नेत. वाळू घट्ट व्हावी म्हणून कोअरमध्ये गॅस सोडतात; तो नीट बसला असेल तर कोअर कडक वाजतो, कमी बसला असेल तर न फुगलेल्या भाकरीसारखा बद्द वाजतो. नुजहत वर्षभर नुसती त्यांच्या टकटकीकडं कान देऊन होती. दुसऱ्या वर्षी मिस्त्री तिला म्हणाले, "आता तू वाजव, मी ऐकतो." त्या दिवसाबद्दल ती अजून हसून सांगते.

या फौंड्रीत एक पद्धत आहे. खंडेनवमीला प्रत्येक शॉप धुऊनपुसून काढतात, यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात आणि मालक अमरसिंह साहेब एकेका शॉपमध्ये जाऊन त्या शॉपच्या इन्चार्जच्या हातात नारळ देतात. इन्चार्ज नारळ फोडतो, आरतीचं ताट धरतो. जागा रिकामी झाली असेल तर साहेब ज्याच्या हातात नारळ देतील तो नवा इन्चार्ज. पत्र नंतर निघतं, कधी निघतही नाही. साहेबांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

नुजहतची पहिली खंडेनवमी. सगळ्या बायका पूजेभोवती उभ्या होत्या आणि ही दाराशी, सायकलींच्या बाजूला. त्याचं कारण साधं होतं. त्या दिवशी तिची पाळी होती. सकाळी झुंबरबाईंना तिनं हळूच सांगितलं. झुंबरबाई कोअर शॉपमधल्या सगळ्यांत जुन्या, जोतिबाच्या पायथ्याच्या गावच्या. त्या म्हणाल्या, "मग देवाजवळ नको गं बाई. आमी बी न्हाय जात. तितं दाराशी उभार." ही म्हणाली, "बरं." आणि उभी राहिली. वर्गात सांगितलेलं ऐकायची, तशी. दाराशी उभ्या असलेल्या नुजहतला साहेबांनी पाहिलं होतं, हे मात्र तिला कळलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी झेंडू तिनंच आणला. माळा ओवल्या, कोअरचे साचे धुतले, मिक्सरच्या पात्यांत अडकलेली वाळू खिळ्यानं उकरून काढली, मिस्त्रींचा नारळही शेंडी राखून सोलून दिला. यात आपण विशेष काही करतोय असं तिला वाटत नव्हतं. कुरुंदवाडला त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीतच गणपती बसतो. लहानपणी आरतीच्या वेळी खिरापतीसाठी पुढं घुसण्यात हिचा पहिला नंबर असे.

गेल्या वर्षी आषाढात पिराजी मिस्त्री निवृत्त होऊन मुरगूडला शेतीवर गेले. जाताना साहेबांसमोर म्हणाले, "नुजहत हाय, काळजी न्हाय." तेव्हापासून शॉप तीच बघत होती. कुठला कोअर आधी, कुणाला कुठल्या बाकावर बसवायचं, सिलिकेटचा डबा बिघडलेला निघाला तर परत कसा पाठवायचा, सगळं. घरी तमन्नानं विचारलं, "अम्मी, इन्चार्ज झालीस का?" तर ती म्हणाली, "खंडेनवमीला."

शॉपमध्ये राजवर्धन नावाचा एक तरुण आहे. आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी आला. स्वभावानं चांगला. कोअर वाजवायला त्याला नुजहतनंच शिकवलं. तो तिला ताई म्हणतो.

खंडेनवमीला साहेब आले. सगळ्या बायकांनी नुजहतला पुढं ढकललं. झुंबरबाईंनी तर तिच्या डोक्यावर ओढणी सारखी करून दिली. साहेब तिच्याकडं बघून हसले, मायेनं हसले असं ती सांगते, आणि त्यांनी नारळ राजवर्धनच्या हातात दिला. पोरगा गोंधळला. आधी त्यानं नुजहतकडं बघितलं. साहेब म्हणाले, "फोड की रे, बघतोस काय." त्यानं फोडला. टाळ्या झाल्या. नुजहतनंही वाजवल्या. मग आरतीच्या ताटात कापूर नाही हे तिच्या लक्षात आलं, म्हणून कपाटातून काढून दिला.

घरी आल्यावर इकबालनं विचारलं. ती म्हणाली, "राजवर्धन झाला." मग तिनं कांदा चिरला. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. त्यानंतरच्या सकाळी सातला ती कामावर हजर होती.

दिवाळीनंतर ती माझ्याकडं आली, तेव्हा मला हे कळलं. मी विचारलं, "रडलीस का गं?"

"न्हाय बाई. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. दात काढताना सुई मारत्यात बघा, मग ओठ हाय का न्हाय कळत न्हाय. तसं हाय. चावला तरी कळायचं न्हाय."

"साहेबांना विचारलंस?"

"काय इचारू? नारळ का दिला न्हाय म्हणून? लहान पोरगी हाय व्हय मी?"

तिनं कप विसळला, पालथा ठेवला आणि गेली.

थंडीत पूर्णिमा आली. ही माझी आणखी एक विद्यार्थिनी, कामगार बायकांच्या एका संघटनेत काम करते. बोलायला चटपटीत, बसल्या जागी तीन फोन घेणारी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आणि समान संधीसाठी कायदा व्हावा, म्हणून काही संघटनांनी मिळून एक मसुदा तयार केला होता. तो सरकारकडं द्यायचा आणि त्याच्यासोबत लोकांचे अनुभव जोडायचे, असं चाललं होतं. माझ्याकडं ती आली होती मसुद्यातलं मराठी तपासायला. वाचता वाचता एका कलमापाशी मी थांबले. हेतू चांगला असला, तरी एखाद्याला त्याच्या धर्मामुळे, जातीमुळे किंवा बाई असल्यामुळे संधी नाकारली गेली, तर तो भेदभावच मानावा, असं त्यात होतं. मी पूर्णिमाला नुजहतबद्दल सांगितलं. नाव सांगितलं नाही.

ती म्हणाली, "बाई, या कलमाला एकही अनुभव नाही आमच्याकडं. शिव्या दिल्याचे आहेत, हाकलून दिल्याचे आहेत. चांगुलपणानं डावललेल्यांचे येतच नाहीत. त्यांनाच कळत नाही तक्रार काय करायची."

नुजहतला विचारून मी तिला बोलावलं आणि पुढच्या रविवारी दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. छापील अर्ज होता. भेदभावाचा प्रकार, खालीलपैकी एकावर खूण करा. धर्म, जात, लिंग, अपंगत्व, इतर. नुजहतनं पेन हातात धरून तो रकाना बराच वेळ बघितला.

"ह्यात कुठं बसतंय माझं?"

"धर्म," पूर्णिमा म्हणाली.

"पण साहेब माझ्या धर्माला कधी वाईट बोलले न्हाईत. ईदला शिरखुर्मा प्यायला घरी येत्यात."

"मग लिंग."

"बाई हाय म्हणून न्हाय दिला, असं बी कुणी म्हणलं न्हाय."

"ताई, म्हणलं नाही, म्हणूनच तर लिहायचं!" पूर्णिमाचा आवाज चढला. मग तीच ओशाळली आणि फोन बघायला लागली.

नुजहतनं 'इतर'वर खूण केली. बाकीचा मजकूर तिनं सांगायचा आणि मी लिहायचा, असं ठरलं. मी लिहिताना काही विशेषणं घातली, ती तिनं काढायला लावली. 'अपमान' हा शब्द काढायला लावला. दाराशी उभं राहिल्याची गोष्ट तिनं तेव्हाच पहिल्यांदा सांगितली आणि पाठोपाठ म्हणाली, "हे लिवू नका." साहेबांनी ती कशी समजून घेतली असेल, हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटचा प्रश्न होता, मालकानं काय करायला हवं होतं असं आपणांस वाटतं?

"लिवा. इचारायला पायजे हुतं."

'मला विचारायला हवं होतं', असं मी लिहिलं.

लिहिता लिहिता मला शाळेतलं पाटीपूजन आठवलं. तेही खंडेनवमीलाच असायचं. सरस्वती मांडायच्या आधी मी वर्गातल्या तीन-चार मुसलमान मुलींना म्हणायची, "तुम्ही लवकर घरी गेलात तरी चालेल हं." नुजहत त्यांत होती. त्यांना अवघड वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी तिला हे बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "तवा बरं वाटायचं की. सुट्टी मिळायची." मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "पेढे मात्र मिळायचे न्हाईत."

पूर्णिमा म्हणाली, "नाव घालायचं नसेल तर न घालता देऊ."

"घाला. फौंड्रीत नुजहत एकच हाय. न्हाय घातलं तरी कळंल. पण सही आधी न्हाय करत. साहेबांना दावते आणि मग करते. मागनं न्हाय सांगायचं."

ती झुंबरबाईंना सोबत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिथं काय झालं, ते मला दोघींनीही सांगितलं. नुजहतनं चार वाक्यांत, झुंबरबाईंनी तासभर.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "नुजहत, मी तुला कधी वाकडं बोललोय?"

"न्हाय साहेब."

"तमन्नाच्या अ‍ॅडमिशनला फोन कुणी केला?"

"तुमीच केला."

"मग हे काय?"

"नारळ राजवर्धनला का दिला, साहेब?"

"अगं, तुलाच अवघड नको म्हणून! इन्चार्ज म्हटलं की पूजा आली, आरती आली. तुझ्या मोहल्ल्यात कोण काय बोललं तर? पहिल्या वर्षी तू लांब दाराशी उभी होतीस. मी बघितलंय. त्याच दिवशी ठरवलं, हिच्यावर असलं काही कधी घालायचं नाही. पाळलंय मी ते."

नुजहतला सगळं उमगलं, पण मालकापुढं ते तोंडानं कसं सांगणार? झुंबरबाईंना मात्र असला संकोच नाही. साहेबांना त्यांनी अर्ध्या चड्डीत पाहिलेलं आहे.

"दादा, ती लांब का उभारली, इचारलासा का कधी?"

"त्यात काय विचारायचं, मावशी?"

"तिला अडचण हुती त्या दिवशी. बायकांची. म्याच म्हणलं, देवाजवळ नको, लांब उभार. तुमच्याच देवाचं सोवळं पाळाय उभारलीती ती! आन् तुमी अकरा वर्सं तेच धरून बसलायसा व्हय?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडं ठेवला. मग परत पहिल्या जागी ठेवला. वर पंख्याकडं बघितलं. शेवटी म्हणाले, "मला कसं कळणार?"

"त्येच लिवलंय की कागदात," झुंबरबाई म्हणाल्या. "खालच्या वळीत बघा. इचारायला हवं हुतं."

"आता काय करायचं मग?"

"करा की तिला इन्चार्ज. वाटच बघतोय आमी समद्या."

"आता? आता राजवर्धनला खाली कसा आणू, मावशी? सुपरवायझर म्हणून त्याची सोयरीक जमलीय. पोरीकडचे इथं येऊन शॉप बघून गेलेत. वैशाखात लग्न आहे."

यावर झुंबरबाई तोंड उघडणार, तेवढ्यात नुजहतच म्हणाली, "ते बी बरोबर हाय."

साहेबांना एकदम हलकं वाटलं असावं. ते म्हणाले, "येत्या खंडेनवमीला नारळ तू फोडायचास. राजवर्धनचा वेगळा, तुझा वेगळा. माझा शब्द. आणि हा कागद दे तू खुशाल. खरं तेच लिहिलंयस." मग त्यांनी तिघांना चहा मागवला.

चहा पिऊन दोघी बाहेर आल्या. झुंबरबाई पुटपुटत होत्या, "नारळ काय खायाचाय व्हय? चार नारळ मीच आणून देती तुला." नुजहतनं फाटकाजवळच्या बाकावर कागद ठेवला आणि सही केली. सही बारीक, सरळ ओळीत. शाळेत करायची तशीच.

वैशाखात राजवर्धनचं लग्न झालं. नुजहतनं आहेरात स्टीलचा डबा दिला. पत्रिकेत त्याच्या नावाखाली सुपरवायझर असं छापलेलं होतं. ती पत्रिका तिनं मला दाखवली, घडी घालून परत पिशवीत ठेवली. त्याला ती अजून शिकवते. लांब गळ्याचा कोअर असला की तो तिच्या बाकाशी येतो आणि म्हणतो, "ताई, जरा वाजवून बघा की." ती वाजवते आणि म्हणते, "गॅस कमी. आणि थोडा मार." तो मारतो. मग रजिस्टरवर इन्चार्जच्या जागी स्वतःची सही करतो. एकदा तो तिला म्हणाला होता, "ताई, मला त्या दिवशी काय कळलंच न्हाय वो." ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? तू फोडलास. फोड म्हणलं, फोडलास."

पूर्णिमानं कळवलं की मसुदा मुंबईला गेला. नुजहतचा अनुभव त्या कलमाखाली जोडला आहे, तेवढा एकच. पोचल्याचा कागद आला. पुढं काही कळलेलं नाही. मी पूर्णिमाला अधूनमधून विचारते. ती म्हणते, "बाई, वेळ लागतो." नुजहत विचारत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला साहेबांनी शब्द पाळला. आधी राजवर्धननं शॉपचा नारळ फोडला, आरती केली. मग साहेबांनी पिशवीतून दुसरा नारळ काढून नुजहतच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "हा आमच्या नुजहतचा मान." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला, तो फौंड्रीच्या ग्रुपवर फिरला, झुंबरबाईंच्या नातवानं त्यांना दाखवला, त्यांनी मला. फोटोत नुजहत नारळाकडं बघते आहे. झुंबरबाई मात्र कॅमेऱ्याकडं बघताहेत, भांडायला निघाल्यासारख्या.

संध्याकाळी नुजहत माझ्याकडं आली. नारळ फोडणाऱ्याला एक वाटी मिळते. ती वाटी तिनं ओट्यावर ठेवली.

"चटणी करा."

मी चहा टाकला. ती स्टुलावर बसली. थोड्या वेळानं मी विचारलं, "कसं वाटलं गं?"

तिनं प्रश्न मनात फिरवून बघितला, शाळेत बघायची तसा. उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या बोटांवरून सावकाश फिरवत होती.

"एका घावात फुटला," ती म्हणाली. "पाणी गोड हुतं."

"आणि तुला?"

"मला काय न्हाय बाई."

चहा झाल्यावर तिनं कप विसळून पालथा ठेवला. परवा सकाळी लवकर मोठ्या पंपाचे कोअर लावायचे होते आणि त्यांतलं राजवर्धनला अजून जमत नाही, म्हणून तिला साडेसहालाच बोलावलं होतं. ती निघाली. मी खोबरं किसायला घेतलं. चांगलं जाड होतं.